ऊती घट्ट की वाहती? परात, साबण आणि एक आकडा

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीच्या कासेतून थेट पेल्यात आलेलं दूध हातात पडलं की पिण्याआधी जरा फेसाकडे बघा. पेला हळूच तिरका करा. खालचं दूध लगेच आपली सपाटी धरतं. वरचा फेस पेल्याबरोबर कलतो आणि तसाच कललेला राहतो. आणखी तिरका केला की एका क्षणी सगळा फेस एकदम घसरतो. दूध वाहतं, हवा वाहते, पण दोघांचा मिळून झालेला फेस ठरावीक जोर लागेपर्यंत घन पदार्थासारखा हट्टाने बसून राहतो.

आपल्या अंगातल्या ऊतींचंही असंच आहे, आणि त्यात एक गंमत जास्तीची आहे. श्वासनलिकेचं अस्तर, त्वचेचा थर, भ्रूणाचं कोवळं अंग इथे पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या असतात, मध्ये सुईच्या टोकाइतकीही फट नसते. तरी जखम भरताना त्याच पेशी सरकतात आणि भ्रूण लांब होताना शेजार बदलत एकमेकींमधून वाट काढतात. काम झालं की पुन्हा घट्ट बसतात. म्हणजे तीच ऊती कधी घन, कधी दाट द्रव. ती आत्ता कोणत्या अवस्थेत आहे, याचा बराचसा अंदाज एका छायाचित्रावरून आणि शाळेतल्या भूमितीवरून बांधता येतो. अकरावी-बारावीच्या मुलांकडून मी हा प्रकल्प करून घेतो. त्यात झालेल्या चुकांसकट सगळी कृती इथे देतो.

आधी तो आकडा समजून घ्या

पेशीची बाह्यरेषा कागदावर काढा. परिमिती मोजा, क्षेत्रफळ मोजा. परिमितीला क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने भागा. येणाऱ्या आकड्याला आपण आकारांक म्हणू. त्याला एकक नाही, त्यामुळे पेशी १० मायक्रोमीटरची असो की बुडबुडा ५ मिलीमीटरचा, तुलना थेट करता येते. चित्रावर मापपट्टी नसली तरी अडत नाही.

वर्तुळाचा आकारांक ३.५४५ येतो, याहून लहान कोणत्याच आकाराचा येत नाही. नियमित षट्कोनाचा ३.७२२, नियमित पंचकोनाचा ३.८१२, चौरसाचा बरोबर ४. एकास तीन अशा लांबट आयताचा ४.६२. आकार जितका लांबट किंवा वेडावाकडा, तितका आकडा मोठा. हे पाच आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे पदोपदी लागतील.

२०१५ मध्ये बी, लोपेझ, श्वार्झ आणि मॅनिंग या भौतिकशास्त्रज्ञांनी संगणकावरच्या ऊतीत दाखवलं की हा आकडा ३.८१ च्या आसपास ओलांडला की ऊती घनाची द्रव होते. ३.८१ म्हणजे जवळजवळ पंचकोनाचाच आकडा. त्याच वर्षी जेफ्री फ्रेडबर्ग यांच्या गटाने माणसाच्या श्वासनलिकेच्या पेशी थर करून वाढवल्या. थर जसजसा स्थिरावत गेला, तसतसा पेशींचा आकारांक याच आकड्याकडे उतरत आला. दमा असलेल्या दात्यांच्या पेशींना स्थिरावायला जास्त वेळ लागला.

आता हे असं का होतं, ते पोत्यावरून बघू. धान्याच्या बाजारात पोती बघितलेल्याला लगेच कळेल. तेवढंच धान्य लहान पोत्यात ठासून भरलं तर पोतं ताठ उभं राहतं, थप्पीत बसतं, दाबलं तर परत फुगतं. तेच धान्य मोठ्या पोत्यात भरा. पोतं ढेपाळतं, लोळवाल तसं लोळतं, शेजारच्या दोन पोत्यांमधल्या फटीत मुकाट्याने शिरतं. धान्य तेवढंच, वाढलं ते फक्त कापड. पेशीचंही असंच: क्षेत्रफळ म्हणजे धान्य, परिमिती म्हणजे कापड. संगणकावरच्या प्रतिमानात, म्हणजे मॉडेलमध्ये, प्रत्येक पेशीला एक पसंतीचं क्षेत्रफळ आणि एक पसंतीची परिमिती दिलेली असते. त्यांपासून ढळलं की ऊर्जा खर्ची पडते. कापड कमी असेल तर शेजार बदलताना ते ताणावं लागतं आणि त्याची किंमत मोजावी लागते. कापड ३.८१ च्या पुढे सैल झालं की ती किंमत शून्यावर येते.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायला लागते, कारण आपली सहजबुद्धी नेमकी उलट सांगते. पेशी एकमेकींना जास्त चिकटल्या तर ऊती जास्त घट्ट होईल, असं कुणालाही वाटेल. या प्रतिमानात मात्र चिकटपणा वाढला की पेशींना एकमेकींशी लांबच लांब सीमा हवी होते, म्हणजे कापड वाढतं आणि ऊती सैल होते. घट्ट करणारी गोष्ट वेगळी आहे: पेशीच्या कडेने असलेलं आकुंचन पावणारं प्रथिनांचं जाळं, पोत्याच्या तोंडाशी ओढलेल्या सुतळीसारखं. वर्गात हे सांगितल्यावर एक मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे केएमटी बसमधल्या गर्दीगत झालं की! अंग चोरून उभं राहिलं तर कुणीच हलत नाही, जरा सैल सोडलं की माणूस मागच्या दारापर्यंत सरकतोय." उपमा शंभर टक्के बरोबर नाही, पण मी तिला पूर्ण गुण दिले.

परातीतली ऊती

ऊती वाढवायला प्रयोगशाळा लागते, म्हणून आधी फेसावर हात बसवू. साहित्य: पसरट परात किंवा गडद रंगाचा ट्रे, भांडी घासायचं लिक्विड, औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन, फोटो फ्रेमची काच, आठ नाणी, बारीक सुईची सिरिंज आणि मत्स्यालयातला छोटा एअर पंप. पंप नसेल तर सिरिंजनेच हवा सोडा, फक्त चिकाटी लागेल.

पाणी नळाचं किंवा फिल्टरचं घ्या. बोअरच्या जड पाण्यात फेस धरत नाही, पहिल्या वर्षी आमची अख्खी दुपार त्यात गेली. एका पेल्याला साधारण एक चमचा लिक्विड आणि अर्धा चमचा ग्लिसरीन टाका, हळू ढवळा. परातीत बोटभर पाणी ठेवा. सुईचं टोक पाण्याखाली एकाच खोलीवर धरून हवा सोडा, म्हणजे बुडबुडे जवळपास सारखे येतात. खोली बदलली की आकार बदलतो. ४-५ मिलीमीटरचे बुडबुडे सोयीचे. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ते पटापट फुटतात. पावसाळ्यात हाच प्रयोग निवांत होतो.

पाण्यावर बुडबुड्यांचा एकच थर झाला की चार कोपऱ्यांत दोन-दोन नाणी एकावर एक ठेवून वर काच अलगद टेकवा. नाणी पाण्यात बुडत असतील तर खाली काहीतरी सपाट ठेवून उंची जमवा. काच पाण्याच्या पृष्ठापासून ३-४ मिलीमीटर वर हवी. सुरुवातीला बुडबुडे गोलगोल दिसतील, मध्ये पाण्याच्या फटी. आता सिरिंजने कडेचं पाणी थोडं थोडं ओढून घ्या. काच आणि पाणी यांतलं अंतर वाढतं, बुडबुडे एकमेकांवर दाबले जातात, आणि बघता बघता गोल जाऊन बहुभुज येतात. प्रत्येक कोपऱ्यात तीनच भिंती भेटतात, १२० अंशांत. बेल्जियमचे भौतिकशास्त्रज्ञ प्लॅटो यांनी १८७३ मध्ये छापलेले नियम हेच.

इथे जरा थांबून परातीला बोटाने टिचकी मारा. फटी असताना बुडबुडे एकमेकांवरून सहज घसरतात. फटी बुजल्यावर सगळा थर एकसंध थरथरतो. सपाट थरात पाण्याचा वाटा साधारण १६ टक्क्यांच्या खाली गेला की फेसाला ताठपणा येतो. वाळूत, तांदळात, व्हॅक्यूम पॅक केलेल्या कॉफीच्या विटेतही मूळ गोष्ट हीच: दाटी ठरावीक पल्ल्यापुढे गेली की कोंडी. सारख्या गोळ्यांचा ढीग कसाही भरला तर साधारण ६४ टक्के जागा भरते आणि तिथे तो अडतो. लिऊ आणि नागेल या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये वाळू, फेस, काच यांच्या अशा कोंडीला एकाच नकाशावर मांडायची कल्पना पुढे आणली. अभिस्तर ऊतीत, म्हणजे त्वचा किंवा अस्तरासारख्या पेशींच्या थरात, ही किल्ली चालत नाही. तिथे फट मुळात नाहीच, दाटी कायम शंभर टक्के. तरी ती कधी वाहते, कधी नाही. म्हणून आकाराकडे वळावं लागलं.

शेजारबदल पकडा

काचेखालून एका बाजूने प्लास्टिकची पट्टी घालून थर अगदी सावकाश ढकला आणि मोबाइल स्लो मोशनवर ठेवा. चार बुडबुड्यांच्या टोळीवर नजर ठेवा. डावा-उजवा एकमेकांना चिकटलेले, वरचा-खालचा दूर. ढकलत गेलं की डाव्या-उजव्यातली भिंत आखूड होत होत एका बिंदूवर येते, क्षणभर चार भिंती एका ठिकाणी भेटतात, आणि टचकन वरचा-खालचा एकमेकांना भिडतात. याला टी-वन म्हणतात. दाट ऊतीचं वाहणं म्हणजे अशा हजारो टी-वनची बेरीज. फळमाशीच्या भ्रूणाचा मधला पट्टा याच रीतीने लांबीला दुपटीहून जास्त होतो, रुंदीला आक्रसतो, आणि त्यासाठी नव्या पेशी जन्मायची फारशी गरज पडत नाही.

साबणात चार भिंतींचा बिंदू टिकत नाही, कारण साबणाच्या पापुद्र्याला नेहमीच आखडायचं असतं. जिवंत ऊतीत तो बराच वेळ टिकू शकतो, कधी पाच-सहा पेशींची गुलाबाच्या फुलासारखी बैठकही होते. फेस आणि ऊती यांतला मोठा फरक हाच. फेसाचं कापड कायम ताणलेलं, म्हणून सुका फेस नेहमी घनाच्याच बाजूला. तो ३.८१ ओलांडून आपण होऊन वाहू लागला असं दिसणार नाही, तेव्हा परातीत ती वाट बघत बसू नका.

एक इशारा. फेस म्हातारा होतो. सहापेक्षा कमी बाजूंचे बुडबुडे आकसत नाहीसे होतात, जास्त बाजूंचे फुगतात; हा नियम गणितज्ञ फॉन नॉयमन यांनी १९५२ मध्ये मांडला. म्हणून मोजायची छायाचित्रं पहिल्या दहा मिनिटांतच घ्या.

मोजणी

सगळा प्रकल्प इथेच तरतो किंवा बुडतो.

मोबाइल परातीच्या बरोबर वर धरा. स्टूलवर चढा, दोन डब्यांवर पट्टी टाकून आधार करा, काहीही करा, पण तिरका फोटो नको. नियमित षट्कोन एका दिशेने दाबून ७० टक्के केला तर त्याचा आकारांक ३.७२२ वरून ३.८१ वर जातो. साधारण ४५ अंशांतून काढलेल्या फोटोत हेच होतं. म्हणजे नुसत्या हाताच्या कलण्याने तुम्ही घनाला द्रवाच्या उंबरठ्यावर नेऊन बसवाल.

फोटो संगणकावर इमेजजे किंवा फिजी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. मापांच्या यादीत क्षेत्रफळ आणि परिमिती या दोनच गोष्टी निवडा. बहुभुजाचं हत्यार घेऊन एका पेशीच्या कोपऱ्यांवर क्रमाने क्लिक करा, आकृती बंद करा, माप घ्या. पुढची पेशी. फोटोच्या कडेला अर्धवट कापलेल्या पेशी सोडून द्या. किमान शंभर पेशी मोजा. कंटाळवाणं आहे, पण दोन जणांत तासाभराचं काम आहे. आकडे तक्त्यात भरा आणि प्रत्येक पेशीचा आकारांक आधी काढून मग सरासरी घ्या. आधी परिमितींची सरासरी, मग भागाकार, हे चूक. नमुना: परिमिती २१.४ मिलीमीटर, क्षेत्रफळ ३२ चौरस मिलीमीटर. ३२ चं वर्गमूळ ५.६५७, म्हणून आकारांक ३.७८.

क्लिक करायचा कंटाळा आला म्हणून एका हुशार विद्यार्थ्याने स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला: चित्र काळं-पांढरं करायचं आणि कडेच्या चौकटी (पिक्सेल) मोजायच्या. उत्तर आलं ४.७. फेस वाहतो असा शोध लागला म्हणून वर्गात टाळ्या झाल्या. मलाही दोन दिवस पत्ता लागला नाही. मग त्याच प्रोग्रॅमला पूर्ण गोल दिला, तर त्याने ३.५४५ ऐवजी ४.५ च्या वर आकडा दिला. पडद्यावरची तिरकी रेघ म्हणजे पायऱ्यांचा जिना असतो. पायऱ्या मोजत गेलं की गोलाची परिमिती २७ टक्क्यांनी फुगते. तेव्हापासून नियम केला: कोणतीही नवी मोजणी आधी गोल आणि चौरस यांच्यावर पडताळायची. शिवाय पेशी फोटोत निदान तीस-चाळीस चौकटी रुंद दिसायला हवी.

दुसरी पडताळणी फुकटची आहे. पापुद्र्यात पेशींच्या बाजूंची सरासरी सहाच्या जवळ असते, आणि सरासरी सहा बाजूंच्या फटीविरहित पटाचा आकारांक षट्कोनाच्या ३.७२२ खाली जात नाही. तुमची सरासरी ३.६ आली, तर एकतर बुडबुडे अजून ओले-गोल आहेत, नाहीतर तुम्ही भिंतीच्या आतली कड पकडून फट सोडताय. चांगल्या सुकलेल्या फेसात आकडा ३.७२ च्या किंचित वर येतो.

खऱ्या पेशींकडे

शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पहिला नमुना कांद्याच्या पापुद्र्याचाच येणार. मोजा, जरूर मोजा. आकारांक सहज साडेचारच्या घरात निघेल. मग कांदा वाहतो का? वनस्पतीच्या पेशी भित्तिकेने एकमेकींना जन्मभरासाठी जोडलेल्या असतात, शेजार बदलायचा प्रश्नच नाही. जिथे टी-वन शक्य नाही, तिथे ३.८१ या आकड्याला अर्थ नाही. हा नमुना मी मुद्दाम करायला लावतो. गालाच्या आतल्या पेशी घेऊ नका. त्या सुट्या-सुट्या निघतात, पट मिळत नाही.

प्राण्यांच्या पेशींसाठी मुक्त परवान्याने छापलेल्या शोधनिबंधांतली चित्रं वापरा. एमडीसीके नावाच्या पेशींची चित्रं विपुल मिळतील. १९५८ मध्ये मॅडिन आणि डार्बी यांनी एका कॉकर स्पॅनियल कुत्र्याच्या मूत्रपिंडातून त्या घेतल्या आणि आजही जगभर वाढवल्या जातात. पेशींच्या सीमा चमकवलेलं चित्र निवडा, वरचीच कृती करा.

आता निकाल वाचायचा. सरासरी ३.८१ च्या आसपास असेल तर थर घट्ट असण्याची शक्यता जास्त. ३.९, ४ असं वर गेलं तर वाहता. मात्र लगेच दुसरं माप घ्या: पेशी कोणत्या दिशेला लांबट आहेत? सगळ्या एकाच दिशेला ताणलेल्या असतील, तर तिरक्या फोटोतल्या षट्कोनासारखं होतं. आकडा चढतो पण सैलपणा येत नाही. फळमाशीच्या भ्रूणावरच्या २०२० मधल्या कामात हेच दिसलं. पेशींची एकदिशा आणि एका बिंदूवर किती पेशी भेटतात हे हिशोबात धरल्यावरच ऊती कधी वाहू लागेल याचा अंदाज नीट जुळला. घरी करायचं तर प्रत्येक पेशीच्या लांब अक्षाचा कोन लिहा. कोन सगळीकडे विखुरलेले असतील तर ३.८१ वर विसंबा. एकाच बाजूला झुकलेले असतील तर निर्णय राखून ठेवा.

चलचित्र मिळालं तर उत्तमच, कारण स्थिर चित्र शेवटी अंदाज देतं, पुरावा हालचालीत असतो. फिजीतल्या ट्रॅकमेट या सोयीने पेशींचा माग काढा. पण आधी सगळ्या थराची सरासरी सरक वजा करा. जोतिबाच्या यात्रेत सासनकाठीबरोबर सगळा जथा डोंगर चढतो, प्रत्येक जण हलतोय, पण तुमच्या डावीकडचा भाऊ वरपर्यंत डावीकडेच. हे सामूहिक चालणं झालं, मिसळणं नाही. २०१७ मध्ये मिलानमधल्या संशोधकांनी राब५ए हे प्रथिन वाढवून कोंडीत अडकलेला पेशींचा थर पुन्हा चालता केला, तेव्हा पेशी अशाच जथ्याने निघाल्या होत्या. म्हणून मोजायचं ते हे: स्वतःच्या व्यासाइतकी वाट पेशीने शेजाऱ्यांच्या तुलनेत चालली का, आणि तासाभरात किती शेजार बदलले.

सगळ्याच ऊतींना हा आकडा लावायला जाऊ नका. झेब्राफिश या छोट्या माशाच्या भ्रूणात शेपटीकडे पेशींमध्ये खऱ्याच फटी असतात. ओटगर कंपास या संशोधकांच्या गटाने २०१८ मध्ये चुंबकाला प्रतिसाद देणारे तेलाचे थेंब आत सोडून मोजलं, तेव्हा टोकाकडची ऊती द्रवासारखी आणि पुढची घनासारखी निघाली. तिथलं गणित बरंचसं आपल्या ओल्या-सुक्या फेसाचं आहे. त्या चित्रांसाठी आकारांक न काढता फटींचा वाटा मोजा. हत्यार तेच, फक्त पेशीऐवजी मधल्या जागेभोवती क्लिक करायचं.

घड्याळाचंही भान ठेवा. काकवी चमच्याने झटकन उचलली तर ताठ धार राहते, तशीच ठेवली तर पसरते. ऊती काही सेकंद दाबली तर रबरासारखी परत येते, तासभर दाबून ठेवली तर नवा आकार धरून बसते. त्यामुळे दहा मिनिटांच्या चित्रफितीवरून "घन" असा शिक्का मारू नका. वहीत निकालाशेजारी निरीक्षणाचा कालावधी लिहायचा, नाहीतर तो निकाल मी तपासायला घेत नाही.

प्रयोग संपल्यावर परात दोनदा विसळा. ग्लिसरीन राहिलं तर पुढच्या दिवशी त्याच परातीत मळलेली कणीक हाताला बुळबुळीत लागते, आणि मग घरातून पुढच्या प्रयोगाला परात मिळत नाही.